मांजराच्या मिशा : अंधारातील स्पर्शयंत्रणा

सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती घरात येऊन पडली की पाठोपाठ उंदीर येतात आणि मग मांजराची किंमत कळते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावासारख्या शेतकरी वस्त्यांत मांजर हे लाडाच्या प्राण्यापेक्षा धान्याचे राखणदार म्हणूनच अधिक मोलाचे असते. काळोखात, पोत्यांच्या सांदीत शिरून उंदीर अचूक टिपण्याच्या त्याच्या कौशल्याचे श्रेय आपण चमकत्या डोळ्यांना देतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले श्रेय मिशांचे.

मिशी म्हणजे केसच. पण साध्या केसाच्या दुपटी-तिपटीने जाड आणि मुळाशी सुमारे तिप्पट खोल रुजलेला. केसाला स्वतःला संवेदना नसते. ती असते मुळाभोवतीच्या पिशवीत. ही पिशवी रक्ताने भरलेल्या पोकळीने वेढलेली असून तिच्यात असंख्य मज्जातंतूंची टोके असतात. टोकाला किंचित धक्का बसला तरी तरफेप्रमाणे मूळ हलते आणि धक्का कोणत्या दिशेने, किती वेगाने आला याची वर्दी मेंदूला पोहोचते. वाऱ्याची हलकीशी झुळूकही त्यातून सुटत नाही.

नाकाच्या दोन्ही बाजूंना साधारणपणे चार ओळींत मिळून बारा-बारा मिशा असतात. वरच्या ओळी खालच्या ओळींपासून स्वतंत्रपणे हलू शकतात. भुवया, गाल व हनुवटीवरही असे केस असतात. मात्र अनेक मांजरप्रेमींनाही ठाऊक नसलेली जागा म्हणजे पुढच्या पायांची मागची बाजू. पंजात धरलेले भक्ष्य अजून धडपडते आहे काय, हे तेथील केस सांगतात.

मांजराची दृष्टी मंद प्रकाशात माणसाहून कितीतरी सरस, पण वीतभर अंतराच्या आतील वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणजे तोंडाशी आलेला उंदीर त्याच्या लेखी जवळजवळ अदृश्यच! झेप घेताना मिशा पुढे वळून भक्ष्याभोवती जणू जाळे धरतात आणि मानेवर नेमका चावा कोठे घ्यायचा हे स्पर्शाने ठरते. पाळलेल्या मांजरासमोर बोटाएवढा खाऊ टाकला तर ते काही क्षण हुंगत, चाचपडत राहते, त्याचे कारण हेच.

फटीतून अंग जाईल की नाही, याचा अंदाजही मिशांवरून येतो. त्यांचा पसारा साधारणपणे देहाच्या रुंदीइतका असतो आणि गळपट्टीचे हाड सांध्याने जखडलेले नसल्यामुळे डोके गेले की खांदेही जातात. शहरी सदनिकांतील लठ्ठ मांजरांच्या मिशा मात्र पोटाबरोबर वाढत नाहीत, तेथे हा हिशेब चुकतो.

मिशा मनःस्थितीही सांगतात. निवांत मांजराच्या मिशा बाजूला सैल पसरलेल्या असतात, कुतूहल जागे झाले की पुढे येतात आणि भीती वाटली की गालाला चिकटतात.

मुले खेळता खेळता मिशा कातरतात, तेव्हा मांजराला वेदना होत नाहीत हे खरे. पण ते गोंधळते, उडीचा अंदाज चुकतो, अंधारात वस्तूंवर आदळते. ओढून उपटल्यास मात्र वेदना होतात. अधूनमधून एखादी मिशी आपोआप गळणे स्वाभाविक असून तिच्या जागी दुसरी उगवते. कातरलेल्या मिशा पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर त्याला अनोळखी जागी सोडू नये.

वाघाटी या जगातील अत्यंत लहान रानमांजरापासून थेट वाघापर्यंत मार्जारकुळात हीच यंत्रणा आढळते. वाघ-बिबट्याच्या मिशांना अंधश्रद्धेपोटी मागणी असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या तिन्ही प्राण्यांना सर्वोच्च संरक्षण असून त्यांचे केस बाळगणे वा विकणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.