मेलॅनोसाइटच्या प्रथिनखुणा
त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी ओळखण्यासाठी ऊतिछेदावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवली जाणारी प्रथिने. एस-100, मेलान-ए, सॉक्स-10 आणि एचएमबी-45 या प्रतिपिंडाने दिसणारे जीपी-100 या त्यांतील नेहमीच्या खुणा. कोडाच्या पूर्ण पांढऱ्या चट्ट्यात बाह्यत्वचेच्या तळथरात मेलान-ए बहुधा दिसतच नाही, कारण तेथील पेशीच नष्ट झालेल्या असतात. एस-100 मात्र लँगरहान्स पेशी व चेतापेशींच्या आवरणातही आढळते, म्हणून एकट्या तिच्यावर निदान ठेवू नये. मेलॅनोमा या मेलॅनोसाइटच्या कर्करोगाच्या डेस्मोप्लास्टिक प्रकारात तर मेलान-ए आणि एचएमबी-45 बहुधा उमटत नाहीत; तेथे एस-100 व सॉक्स-10 यांचाच आधार. प्रेम नावाचे प्रथिन बहुतेक मेलॅनोमांत ठळक आणि साध्या तिळांत सहसा अनुपस्थित असते, पण अपवाद दोन्हीकडे आहेत.

सावळ्या त्वचेत एक अडचण हमखास येते: नेहमीचा तपकिरी रंगकारक आणि मेलॅनिन सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. अशा वेळी लाल रंगकारक वापरावा. या खुणांचा संबंध निदानापुरताच नाही: मेलॅनोमावरील प्रतिकारशक्ती-उपचारात काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे डाग उठतात. कारण मेलान-ए व जीपी-100 ओळखणाऱ्या टी-पेशी निरोगी मेलॅनोसाइटवरही हल्ला करतात.