दिव्याची वाट पाहणारी कल्पना
१९४७, इंग्लंडमधील रग्बी. नाझी राजवटीमुळे बर्लिन सोडलेले हंगेरियन अभियंता डेनिस गाबोर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारू पाहत होते. छायाचित्र प्रकाशाची केवळ तीव्रता टिपते. कोणती लहर किती मागे-पुढे आहे, ही माहिती हरवते. वस्तूवरून आलेल्या प्रकाशात संदर्भप्रकाश मिसळला, तर व्यतिकरणाच्या पट्ट्यांत तीही नोंदवता येते, हे त्यांना उमगले. हीच होलोग्राफी. पहिल्या होलोग्रामसाठी त्यांनी हायगेन्स, यंग, फ्रेनेल ही नावे निवडली. केवढा देखणा ऋणनिर्देश!

पण पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश पुरेसा सुसंगत नव्हता. शिवाय जुळी प्रतिमा मूळ प्रतिमेत मिसळे. कल्पना मागे पडली. १९६० मध्ये लेसर आला. १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील लीथ व उपात्निएक्स यांनी संदर्भकिरण तिरका टाकून खेळण्यातल्या आगगाडीची त्रिमितीय प्रतिमा दाखवली. गाबोर यांना नोबेल मिळाले १९७१ मध्ये.