‘वाजवी सबब’ : सक्तीचे शिक्षण आणि अपंग बालक

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा हा आपल्या शैक्षणिक इतिहासातील प्रगतीचा टप्पा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि कोणत्याही सक्तीचे खरे स्वरूप तिच्या अपवादांवरून कळते. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास ज्या कारणांनी दोषमुक्त ठरविले जाई, त्यांस कायद्याच्या मराठीत ‘वाजवी सबब’ म्हणता येईल. या सबबीमुळे अपंग बालकाचे शिक्षण कसे दृष्टीआड झाले, हे मालवण किनाऱ्याच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘सबब’ मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ दोर, साधन आणि त्यावरून कारण असा झाला. मराठीच्या दप्तरी भाषेत तो ‘म्हणून’ या अर्थी येतो, तर बोलीत ‘निमित्त’ किंवा ‘बहाणा’ या अर्थी. कारणाचे निमित्त व्हावे, हा शब्दाचा प्रवास प्रस्तुत विषयातही दिसून येतो.

इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याने आजारपण आणि शाळेचे तीन मैलांहून अधिक अंतर या सबबी मान्य केल्या होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मांडलेल्या विधेयकात सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीची तरतूद होती. त्यातही आजारपण, दुर्बलता आणि शाळेचे अंतर यांस सबबींत स्थान होते. अंतराची मर्यादा मात्र एक मैल होती. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे मुंबई इलाख्यात १९१८ व १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. इंग्लंडात १८९३ च्या कायद्याने अंध व बधिर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शाळामंडळांवर टाकली. सबबीच्या पाठोपाठ कर्तव्य आले. आपल्याकडे सबब आली, पण कर्तव्य आले नाही. पालक दंडातून सुटला आणि शासन जबाबदारीतून.

आता एक मैल म्हणजे काय, ते मालवण परिसरात पाहावे. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांमधील वाळूची चिंचोळी पट्टी. तळाशील तशीच गड नदीच्या मुखाशी. किनाऱ्यापासून आत गेले की कातळाचे सडे, जांभ्याच्या चढत्या पायवाटा आणि पावसाळ्यात भरून वाहणारे व्हाळ. ज्याचे पाय चालतात त्यास साकव ओलांडणे किंवा तरीतून पलीकडे जाणे हा नित्यक्रम. ज्याचे चालत नाहीत त्यास हाच मैल अनुल्लंघनीय. कायद्याने अंतर मोजले ते सर्वांचे पाय सारखे मानून.

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या ‘सर्व’ बालकांचा उल्लेख केला. त्यात सबब नव्हती. जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली अपंगांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग मानला. १९७४ मध्ये केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी वाहतुकीची सोय आणि इमारतींतील अडथळे दूर करणे यांविषयी योजना आखण्याचे कर्तव्य कायद्यात येण्यास १९९५ उजाडावे लागले. २०१६ च्या अधिनियमाने हक्कांची व्याप्ती वाढविली आणि ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. शब्द बदलल्याने पायरी मात्र सखल होत नाही.

दोन गोष्टींकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या बालकास घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो बालकाचा हक्क आहे; शाळेच्या सोयीसाठी तो वापरला गेला, तर जुनी सबबच नव्या नावाने परत येईल. दुसरे, २०२३ साली राज्य शासनाने अल्प पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. वाडीवरील शाळा दूर गेली, तर त्या अंतराचा पहिला भार कोणावर पडेल, हे सांगणे नलगे.

सबबीखाली नोंदलेली गैरहजेरी ही दप्तरात वंचना म्हणून उमटत नाही. म्हणून या विषयाच्या संशोधकाने हजेरीपटाबरोबरच ती पायवाट, तो साकव आणि शाळेची ती पायरीही साधन म्हणून वाचली पाहिजे.