सैरंध्री, पार्ट टू : कोल्हापूरचा भीम दुसऱ्यांदा का गाजला नाही?

परवा एका सुपरहिरोचा सिक्वेल बघून आलो. बजेट डबल, आवाज डबल, पण पहिल्याची मजा काही आली नाही. आपल्या कोल्हापुरात हीच गोष्ट 1933 सालीच घडून गेलीय! तो सिनेमा तसा सिक्वेल नव्हे, रिमेक म्हणा. आणि त्यातला सुपरहिरो म्हणजे भीम.

आधी पहिला भाग. 1920, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, मूकपट 'सैरंध्री'. कॅमेरासुद्धा या लोकांनी स्वतः बनवलेला. द्रौपदीवर वाईट नजर टाकणाऱ्या कीचकाला भीम ठार मारतो, एवढीच गोष्ट. पण लोकांना त्यामागचं माहीत होतं. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे इंग्रजांनी ओळखलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यात खासबाग मैदानावर कुस्त्या बघून तयार झालेलं आपलं गाव! पडद्यावरचा वध इतका खरा वाटला म्हणे, की तो सीन कापावा लागला. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

आता पार्ट टू. पेंटरांकडेच शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी 1929 मध्ये इथेच 'प्रभात' काढली. 1933 मध्ये शांतारामबापूंनी परत 'सैरंध्री' केला. आता आवाज होता, गाणी होती आणि वर चक्क रंग! प्रिंट काढायला फिल्म थेट जर्मनीला नेली. नाद खुळा म्हणतात तो हाच. पण पडद्यावर रंग बटबटीत दिसले, प्रयोग फसला. मी तरी याबद्दल त्यांना नावं ठेवणार नाही. हॉलिवूडला पूर्ण तीन रंगांतला मोठा कथापट 1935 ला जमला, तो 'बेकी शार्प'.

माझ्या मते खरी कमजोरी वेगळीच आहे. 1920 चा कीचक बघताना लोकांना कर्झन आठवायचा. तेरा वर्षांनी कर्झन कोण लक्षात ठेवणार? जुन्या कीचकाला नवा चेहरा हवा होता आणि तो उघड देणं सोपं नव्हतं. प्रभातच्याच 'स्वराज्याचं तोरण'चं नाव सेन्सॉरने बदलायला लावलं होतं, तो 'उदयकाल' म्हणून आला. म्हणजे बापूंना भीती काय असते ते ठाऊक होतं. मग तंत्रावर भर दिला, असं मला वाटतं. वाईट एवढंच, की पहिला 'सैरंध्री' आज कुठेच बघायला मिळत नाही. दोन्ही शेजारी लावून भांडायची सोय नाही, भावा!

त्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. 1934 चा 'अमृतमंथन' परत काळा-पांढरा. त्यात चंद्रमोहनचा एक डोळा अख्ख्या पडद्यावर आला आणि लोक खुर्चीत आक्रसून बसले.