फ्लोरिजेन

फ्लोरिजेन हे फुलोऱ्याचा संदेश पानांकडून शेंड्याकडे नेणारे संप्रेरक होय. दिवसाची लांबी पानांना जाणवते, फूल मात्र शेंड्यावर येते. म्हणून या दोहोंमध्ये संदेशवाहक पदार्थ असावा, असे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडले. अनेक दशके हा पदार्थ हाती लागला नाही. २००७ मध्ये तो प्रथिन असल्याचे अरॅबिडॉप्सिस व भात या वनस्पतींवरील संशोधनातून पुढे आले.

अरॅबिडॉप्सिसमध्ये दिवस मोठा असताना कॉन्स्टन्स हे प्रथिन सायंकाळच्या उजेडात टिकून राहते व पानांतील एफटी जनुकास चालना देते. त्यापासून तयार झालेले प्रथिन परिकाष्ठातून शेंड्यापर्यंत पोहोचते. भातात हे कार्य एचडी३ए करते. मात्र लहान दिवसांत. त्यामुळे प्रकाशसंवेदी भातजाती दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवतात.