दीर्घ 'आय' गेला कुठे?

हल्ली बऱ्याच शाळांतून इंग्रजी 'फोनिक्स'ने शिकवतात. नात्यातल्या एका पहिलीतल्या मुलीच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'बिट'मधला आय शॉर्ट आणि 'बाइट'मधला आय लाँग. तिच्या आईने मला विचारलं, "काका, इ दीर्घ केली की ई होते ना? मग 'आय' कशी झाली?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या बाराखडीत वाढलेल्या कुणालाही तो पडायला हवा. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितो.

ती खरोखरच दीर्घ ई होती! सहाशे वर्षांपूर्वी, चॉसरच्या काळात, 'बाइट' हा शब्द जवळजवळ 'बीट' असा म्हणत. 'टाइम' होता 'टीम', 'हाउस' होता 'हूस', 'मून' होता 'मोन', आणि 'नेम' तर चक्क 'नाम'. (आपल्या संस्कृत नामाचा तो लांबचा भाऊच.) तेव्हा शॉर्ट आणि लाँग म्हणजे खरेखुरे ऱ्हस्व-दीर्घ होते.

त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, इंग्लंडात ऑर्म नावाचा एक मठवासी होऊन गेला. त्याने बायबलवर पद्यात प्रवचनं लिहिली. त्यातल्या सुमारे १९ हजार ओळी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. काव्य म्हणून ती रटाळ आहेत असंच जाणकार म्हणतात, पण माणूस मोठा शिस्तीचा. वाचणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घात चुकू नये म्हणून तो ऱ्हस्व स्वरापुढचं व्यंजन दोनदा लिही. वर नकल करणाऱ्याला बजावलंय की जिथे मी दोनदा अक्षर लिहिलंय तिथे तूही दोनदाच लिही. शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या आमच्यासारख्यांना हा माणूस फार जवळचा वाटतो! त्याची पद्धत जशीच्या तशी कुणी उचलली नाही, पण 'हॉपिंग'मध्ये दोन पी आणि 'होपिंग'मध्ये एक, हा नियम त्याच कल्पनेचा.

पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. आ चा ए, ए चा ई, ओ चा ऊ. ई आणि ऊ आधीच सगळ्यात वर, त्यांना वर जागाच नव्हती, म्हणून ते फुटून 'आय' आणि 'आउ' झाले. येस्पर्सन या डॅनिश पंडिताने याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. कारणांबद्दल अजून वाद आहेत, त्यात शिरत नाही. हे चालू असतानाच, १४७६ मध्ये, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. हळूहळू स्पेलिंग छापात गोठलं आणि उच्चार पुढे निघून गेले. स्कॉटलंडात मात्र घराला अजून 'हूस' म्हणणारे भेटतात.

ऱ्हस्व स्वर बहुतेक जागीच राहिले. म्हणून 'चाइल्ड'चं अनेकवचन 'चिल्ड्रन', आणि 'वाइज'पासून 'विज्डम'. आपल्याकडे गरीब-गरिबी, वकील-वकिली होतं ना, तसंच. शब्द लांबला की आतला स्वर आखडतो. फरक एवढाच की आपली ई, ई-च राहिली.

आता आपल्या वर्गातलं दुखणं. 'शिप' आणि 'शीप'. डॅनियल जोन्सच्या १९१७ च्या उच्चारकोशात दोन्हींना एकच चिन्ह होतं, दीर्घापुढे फक्त दोन टिंबं. १९७७ च्या चौदाव्या आवृत्तीत गिम्सनने दोन वेगळी चिन्हं वापरली, कारण फरक नुसत्या लांबीचा नाही, स्वरच निराळा आहे. आपल्याकडे मात्र "ताणून म्हण" एवढंच सांगण्याची रीत पडली. मराठी बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' बहुतेकांचे सारखेच येतात, तेव्हा मूल बिचारं तीच इ ताणत बसतं आणि इंग्रजी माध्यमाची मुलं हसतात. गंमत म्हणजे ताणून उपयोगही नाही. 'बीट'मधली ई पुढच्या ट मुळे आखडते आणि 'बिड'मधली इ ड मुळे लांबते, इतकी की घड्याळ लावलं तर दोन्ही जवळपास सारख्याच भरतील.

मी फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ लिहीत नसे. 'शीप'ला ओठ दोन्हीकडे ताणायचे, फोटो काढताना हसतो तसे. 'शिप'ला ओठ आणि जीभ सैल सोडायची, आवाज किंचित ए कडे झुकू द्यायचा. आणि मुद्दाम उलटं करायला लावायचो, 'शिप' लांबवून म्हणा, 'शीप' झटक्यात म्हणा. वर्गात हशा व्हायचा, पण शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही दोन्ही शब्द वेगळे ऐकू येऊ लागायचे.