श्रुतपंचमी आणि दुसरी प्रत



ज्येष्ठ शुक्ल पंचमीला आपण मंदिरातले ग्रंथ काढतो, पुसतो, नवी वेष्टनं घालतो. षट्खंडागम याच तिथीला पूर्ण झाला, ही आपली परंपरा. श्रुत आपल्याबरोबरच संपेल, या काळजीने गिरनारच्या गुहेत धरसेन आचार्यांनी ते पुष्पदंत आणि भूतबली मुनींना शिकवलं. त्यांनी ते सूत्रबद्ध केलं. ९व्या शतकात वीरसेन आचार्यांनी त्यावर धवला टीका रचली.

पुढे या धवलेच्या ताडपत्रावरच्या तीनच प्रती उरल्या. तिन्ही कर्नाटकात, मूडबिद्रीला, एकाच ठिकाणी. त्यातल्या दोन अपूर्ण. यात्रेकरूंना दर्शन घडे, वाचायला मिळत नसे. तिथे आग लागली असती, तर तिन्ही एकदम गेल्या असत्या.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद शेठ यांनी पुढाकार घेतला आणि १८९६च्या सुमारास नकला सुरू झाल्या. नक्कल करणारे गजपती शास्त्री आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत लिहून काढली. तीच सहारनपूरला गेली. तिच्यावरून झालेल्या नकला आपल्या कारंजापर्यंत पोहोचल्या. त्यांच्या आधारे अमरावतीला हिरालाल जैन यांनी १९३९मध्ये पहिला खंड छापला. १६वा खंड १९५८मध्ये आला.

नकलेवरून नक्कल करताना शब्द गळतात. ९३व्या सूत्रात मनुष्यिणींच्या, म्हणजे स्त्रियांच्या, गुणस्थानांचा विषय आहे. तिथे ‘संजद’ हा शब्द नकलेत नव्हता. तो सुटला असावा, असं संपादकांना वाटलं. मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिल्यावर तो सापडला. त्याच्या अर्थावरून विद्वानांत मोठा वाद झाला, पण मूळ शब्द हाती राहिला.

जिनवाणीशी दुकानाच्या फायलींची बरोबरी नाही, पण जपण्याची रीत तीच. इथे बदनापुरात कित्येक घरांत दुकानाची खाती, जीएसटीची बिलं, लग्नाचे फोटो सगळं एकाच कॉम्प्युटरवर असतं. नक्कल काढलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. चोर आला तर दोन्ही नेईल.

म्हणून एक प्रत घरात ठेवा, दुसरी जालन्याला माहेरी किंवा बहिणीकडे. डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका; व्हायरस आला तर तीही जाते. आणि श्रुतपंचमीला ग्रंथ काढाल, तेव्हा डिस्कही जोडा, चार फायली उघडून वाचून बघा.